प्रफुल आणि मधल्या रानाचा रंग

आमच्या धंद्यात माणूस गेल्याची बातमी ऑर्डर म्हणून येते. गडचिरोलीत चामोर्शी रस्त्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे वाढदिवस, लग्नं, नामकरणं आणि श्रद्धांजल्या, यांवर माझं घर चालतं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी मशीन सुरू करून चहा घेत बसलो होतो, तेव्हा अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली, उद्यापर्यंत पाहिजे, फोटो क्लियर करून घ्या. फोटो उघडला तर प्रफुल. निळा शर्ट, नाकावरून घसरलेला चष्मा आणि मागे माझ्याच दुकानाची भिंत. तो फोटो मीच काढलेला होता. पाठवणारा त्याचा मेहुणा निघाला. मी प्रफुलचा कोण हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, त्याच्या लेखी मी गावातला एक फ्लेक्सवाला. मी फोन लावून विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "काल सांजच्याले, नागपूरले. भाऊ, साइज मोठी घ्या जरा." ... मी साइज लिहून घेतली. दुसरं काही सुचत नव्हतं.

ते फ्लेक्स मी स्वतः बनवलं, ऑपरेटरला हात लावू दिला नाही. श्रद्धांजलीला आमच्याकडे एक ठरलेली पार्श्वभूमी असते. वर गडद आकाशी आणि खाली येता येता पांढरा होत जाणारा रंग, कोपऱ्यात फुलं. प्रफुल दुकानात बसायचा तेव्हा त्या आभाळाची फार टिंगल करायचा. "आमच्यात स्वर्ग नाई, आत्मा नाई, तरी तू आमच्याही लोकाईच्या मागं आभाळ भरून राह्यला. काऊन बे?" मी म्हणायचो, "गिऱ्हाईक मागते." तर त्याच्या फ्लेक्सला मी मागे काहीच भरलं नाही. कोरं पांढरं ठेवलं, एका बाजूला बुद्धाची छोटी प्रतिमा, आणि तो. त्याच्या घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं पंचशील म्हणायला उभी होती, तेव्हा मागे ते पांढरं फ्लेक्स भिंतीत मिसळून गेलं होतं आणि फक्त त्याचा चेहरा दिसत होता. ज्योत्स्ना वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या भिंतीशी टेकून बसल्या होत्या. फार थकल्या होत्या.

प्रफुलला जन्मापासून सिकलसेल होता. आमच्या भागात हे नाव पोराटोरांनाही माहीत आहे, तरी न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं दुखतात. साधी दुखत नाहीत, माणूस लोळण घेतो. थंडी लागली, पाणी कमी प्यालं, जास्त चाललं, की दुखणं उभं राहतं. आमची ओळख झाली चंद्रपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, तेव्हाही तो कूलरपासून सगळ्यात दूरच्या खुर्चीत स्वेटर घालून बसलेला होता. मे महिन्याच्या चंद्रपुरात स्वेटर. आम्ही सगळे हसलो होतो. तो म्हणाला, "हसा. तुमाले घाम येते, मले येत नाई, एवढाच फरक." आमची दोस्ती तिथून झाली. मला कोडिंग काही जमलं नाही, कंटाळा यायचा. तो मात्र एखाद्या चुकीमागे लागला की जेवण विसरायचा, आणि मग पाणी विसरायचा, आणि मग आम्हीच त्याला उचलून दवाखान्यात न्यायचो.

पहिली नोकरी त्याला कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात मिळाली, ठेकेदारामार्फत. तिथे कंट्रोल रूममध्ये पडद्यावर अख्खा कारखाना चितारलेला असतो. सिमेंट साठवायच्या उंच टाक्या, पट्टे, भट्टी. टाकीत माल जसजसा चढेल तसा पडद्यावरच्या टाकीत रंग चढला पाहिजे, हे त्याचं काम. रविवारी तो माझ्या खोलीवर येऊन ते समजावत बसायचा, मला ऐकायचं असो वा नसो. कॉम्प्युटरवर आकार काढायला दोन गोष्टी लागतात, तो म्हणायचा. एक पेन, ते फक्त कड काढतं. दुसरा ब्रश, तो आत भरतो. ब्रश म्हणजे केसांचा नव्हे, तर आत काय भरायचं हे मशीनला सांगणारी एक वस्तू. सपाट रंगाचा ब्रश असतो, रेघांचा असतो, एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारा असतो, आणि एक छोटं चित्र घेऊन ते फरशीसारखं जोडत जाणाराही असतो. टाकी पडद्यावर नुसती चौकोनी दिसायची. त्याने उतरत्या रंगाचा ब्रश घेऊन मधे उजळ आणि दोन्ही कडांना काळपट भरलं, आणि ती एकदम गोल दिसायला लागली. साहेब लोक खूश झाले. मी म्हटलं, "चौकोनाले गोल करून देलं, सरकारात जा तू." तो बराच वेळ हसत होता.

पण तिथलाच एक किस्सा त्याच्या डोक्यात कायमचा बसला. त्याच्या आधी कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये रोज दुपारी पडदा मंद व्हायचा, मग काही टाक्या काळ्या पडायच्या, मग सगळंच बंद. सगळे धुळीला शिव्या द्यायचे. प्रफुलने शोधून काढलं की तो प्रोग्राम दर वेळी टाकी भरायला नवा ब्रश मागत होता आणि काम झाल्यावर एकही परत देत नव्हता. मशीन देत राहायचं, देत राहायचं, आणि दुपारपर्यंत त्याच्याजवळ द्यायला काही उरायचं नाही. "घेतला तो ब्रश काम झालं का परत द्या लागते," तो मला सांगत होता, "नाई तं मशीन थकते. अन् ते थकलो म्हणून सांगत नाई, सीधं पडते." हे सांगताना त्याचा स्वतःचा गुडघा सुजलेला होता आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळी होती. मी त्याला म्हटलं, आधी स्वतःचं बघ. त्याने बघितलं नाही. मग एका हिवाळ्यात तो कंट्रोल रूममध्येच पडला आणि ती नोकरी सुटली.

ज्योत्स्ना वहिनी नर्स आहेत, त्यांची बदली गडचिरोलीजवळच्या उपकेंद्रात झाली तसा तोही इकडे आला. माझं दुकान नवीन होतं. मी त्याला म्हटलं, एक टेबल मांड, बस. फ्लेक्सच्या मशीनला एसी लागतो, म्हणून ते काचेच्या आत असतं. प्रफुल काचेच्या बाहेर, रस्त्याकडच्या उन्हाच्या तुकड्यात बसायचा. दिवस सरकला की ऊन सरकायचं, आणि त्यामागे त्याची खुर्ची. गिऱ्हाइकांना वाटायचं हा कोणी नातेवाईक आहे, ज्याला घरी जागा नाही.

तिथे त्याला नकाशांचं काम मिळालं. जंगलात राहणाऱ्या गावांना त्यांच्या वहिवाटीच्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो, आणि त्या दाव्याला नकाशा जोडावा लागतो. एक छोटी संस्था गावांना त्यात मदत करत होती. गावकरी शिवेवरून चालत जाऊन यंत्रात खुणा नोंदवून आणायचे, आणि त्या खुणांचा आकार करून आत रंग भरायचा, हे प्रफुलचं. ज्याला धड दोन किलोमीटर चालवत नाही तो भामरागडपलीकडच्या डोंगरांचे नकाशे करतो, याची मला गंमत वाटायची आणि मी ती बोलूनही दाखवायचो. त्याने त्यासाठी स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला, अगदी साधा. आकारावर बोट ठेवा, ब्रश निवडा, भरा. बांबूला एक ब्रश, तेंदूला एक, चराईला एक. गावोगावची माणसं दुकानात येऊन त्याच्याशेजारी बसायची आणि कुठे काय ते सांगायची. एका गावाने सांगितलं की आमच्या देवाच्या जागेत काहीच भरू नको, तिथी रंग नाई चालत. तो खूश झाला. प्रोग्राममध्ये काहीही न भरणारा ब्रशही असतो, म्हणे, आणि तो वापरायची संधी त्याला कारखान्यात कधी मिळाली नव्हती.

आता मुख्य गोष्टीवर येतो. मर्काटोला आणि इरुकमेटा ही भामरागडच्या पलीकडची दोन गावं. दोन्ही गोंडांची, दोन्हींत सोयरीक. मर्काटोल्याच्या सुक्रोबाईंची मुलगी इरुकमेट्याच्या सोमजीभाऊंच्या घरात सून म्हणून दिलेली. दोन गावांच्या मधे एक रान आहे, त्याला दोघंही मधलं रानच म्हणतात. तिथल्या मोहाच्या झाडांवर घराघराचा हक्क असतो. हे झाड यांचं, ते त्यांचं, बापाचं मुलाकडे येतं, आणि दुसरा कोणी खाली पडलेलं फूलही उचलत नाही. गोम अशी की या रानात दोन्ही गावांची झाडं मिसळलेली आहेत. मर्काटोल्याच्या झाडाशेजारी इरुकमेट्याचं, पुन्हा मर्काटोल्याचं. नकाशा मागणारे साहेब म्हणाले, मधून एक रेघ मारा, अर्धं अर्धं, भानगड मिटली. प्रफुल म्हणाला, "साहेब, रेघ मारली तं अर्धी झाडं दुसऱ्याच्या घरात जाते." तेव्हा ठरलं की ते रान दोघांचं म्हणूनच दाखवायचं. मर्काटोल्याचं जंगल हिरवं, इरुकमेट्याचं पिवळं, आणि मधल्या रानात रेघांचा ब्रश. पिवळ्यावर हिरव्या तिरप्या रेघा. दोन्ही गावांची माणसं पडद्यावर पाहून हो म्हणून गेली.

नकाशा छापला त्या दिवशी मी दुकानाचा माल आणायला नागपूरला गेलो होतो. प्रफुलला शाई वाया घालवायचं भारी वाईट वाटायचं, म्हणून तो आधी छोटा नमुना कधीच छापत नसे. एकदम मोठा छापला, चष्मा वर करून कागदाला जवळजवळ नाक लावून तपासला, रेघा आहेत याची खात्री केली आणि गुंडाळी करून पाठवून दिला. तिकडे दोन्ही गावांची सभा भरली. नकाशा समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. लोक जमिनीवर बसलेले, बाया सगळ्यात मागे. आणि मर्काटोल्याच्या माणसांनी पाहिलं तर मधलं रान पिवळंधमक. सगळंच्या सगळं इरुकमेट्याचं.

झालं असं होतं की रेघांचा तो ब्रश ठिपके मोजून रेघा मारतो. इतके ठिपके सोडले की एक रेघ. पडद्यावर तेवढे ठिपके डोळ्यांना स्पष्ट दिसतात. छापायच्या मशीनवर ठिपके फार बारीक, त्यामुळे तेवढ्याच ठिपक्यांच्या रेघा केसाहून बारीक झाल्या. नाक लावलं तर दिसत होत्या. दोन हात मागे सरकलं की पिवळा रंग त्यांना गिळत होता. प्रफुलने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "रेघा होत्या राजू. पण नकाशा कोणी नाक लावून पाहते का?" मी म्हटलं, दुसरा छापून पाठव, संपलं. तो म्हणाला, "छापाले काय लागते. त्याईले आता वाटून राह्यलं का मी इरुकमेट्याकडून खाल्लं."

आणि खरंच तसंच झालं होतं. मोहाच्या दिवसांत मर्काटोल्याची माणसं मधल्या रानात काठ्या घेऊन बसली. इरुकमेट्याचे लोक आले तर बोलाचाली झाल्या. हाणामारी झाली नाही, पण सुक्रोबाईंच्या मुलीचं माहेर तुटलं. सासरा पाठवीना आणि आई बोलवीना. वर्षानुवर्षं एकमेकांच्या झाडाचं फूल न उचलणारी माणसं एका कागदामुळे एकमेकांना चोर म्हणायला लागली, आणि तो कागद आपण भरला, हे प्रफुलच्या जिवाला लागलं. रेघा जाड करायचं काम त्याने एका दुपारीच केलं होतं. पण तो नवा नकाशा कोणाच्या तरी हाती पाठवायला तो तयार नव्हता. स्वतः जाणार म्हणाला. मी भांडलो, वहिनी भांडल्या. उन्हाळा ऐन भरात होता. शेवटी मीच त्याच्यासोबत निघालो, कारण एकटा सोडला असता तर तो गेलाच असता.

आलापल्ली, मग भामरागड, मग नदी ओलांडून पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. दर दगडाला त्याचा चेहरा पिळवटायचा आणि मी पाण्याची बाटली पुढे करायचो. मर्काटोल्यात पोचलो तर त्याला बाजेवरून उठवेना. सभा बाजेभोवतीच भरली. एका बाजूला मर्काटोला, दुसऱ्या बाजूला इरुकमेटा, मधे हा आडवा. नवा नकाशा भिंतीवर लावला. हिरव्या रेघा आता चांगल्या ठसठशीत होत्या. सुक्रोबाई आपल्या नेहमीच्या जागी, अगदी मागे, खांबाला टेकून बसलेल्या. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. प्रफुलने विचारलं, "बाई, आता दिसते काय?"

"दिसते," त्या म्हणाल्या. "पण पिवळ्यावर हिरवं मारलं ना तू? खाली तं पिवळंच हाय. म्हंजे जमीन त्याईची, अन् आम्ही वरून रेघा."

सोमजीभाऊ म्हणाले, "मंग हिरवं खाली घ्या. आमच्या रेघा वर मारा, आमाले चालते."

"आज चालते म्हणता," सुक्रोबाई म्हणाल्या. "उद्या तुमचे पोट्टे म्हणन का बुढ्याले फसवलं."

प्रफुलने मान उचलून नकाशाकडे पाहिलं. त्याने मला नंतर सांगितलं की रेघांच्या ब्रशला नेहमी दोन रंग द्यावे लागतात, एक रेघांचा आणि एक मागचा. इतकी वर्षं तो वापरत होता आणि मागच्या रंगाला कधी गाव असेल असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा बाजेवर पडल्या पडल्या त्याने मला पिशवी उघडायला लावली. माझ्या दुकानातून त्याने रेडियमच्या चिकट पट्ट्या आणल्या होत्या, गाड्यांच्या नंबरप्लेटवर लावतो त्या, हिरव्या आणि पिवळ्या. कशाला आणतोयस म्हणून मी वाटेत चिडलोही होतो. रेघा किती जाड पाहिजेत हे तिथेच बसून ठरवायचं, असं त्याच्या मनात होतं. आता त्याने दोन्ही रंगांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायला लावल्या आणि भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवायला लावल्या. हिरवी, पिवळी, हिरवी, पिवळी. मागे काहीच नाही, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. आधी बारीक लावल्या. सुक्रोबाई म्हणाल्या, "कालवलं." मग थोड्या रुंद. "कालवलं." सोमजीभाऊ स्वतः उठून पट्ट्या लावायला लागले. विहीण सांगतेय आणि व्याही चिकटवतोय, हे पाहून बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. बऱ्याच वेळाने सुक्रोबाई खांबाला डोकं टेकवून म्हणाल्या, "आता येगयेगळं दिसते. अन् दोन्ही सारखंच हाय." प्रफुलने पट्टी मोजून घेतली आणि डोळे मिटले.

परत आल्यावर त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथून सुटल्यावर त्याने पहिलं काम ते केलं. तयार रेघांचा ब्रश टाकून दिला आणि चित्राचा ब्रश घेतला. एक हिरवी आणि एक पिवळी पट्टी, सारख्या रुंदीच्या, एवढंच ते चित्र, आणि मशीनने ते जोडत मधलं रान भरायचं. रुंदी ठिपक्यांत नाही, कागदावरच्या मापात. आम्ही विणकर असतो तर त्याला लुगड्याचा काठ म्हटलं असतं. त्या नकाशावर दोन्ही गावांनी अंगठे दिले आणि त्या पावसाळ्याआधी सुक्रोबाईंची मुलगी माहेरी जाऊन आली. तेव्हापासून प्रफुलला एक खोड लागली. कुठलाही नकाशा छापला की तो घेऊन रस्ता ओलांडायचा, समोरच्या चहाच्या टपरीला टांगायला लावायचा आणि स्वतः इकडे माझ्या दारात उभा राहून पाहायचा. टपरीवाला वैतागायचा. माझी गिऱ्हाइकंही त्याच्यासोबत उभी राहून पाहायची आणि मतं द्यायची.

दावा मात्र मंजूर झाला नाही. नामंजूरही झाला नाही. फाइल वर गेली, खाली आली, साहेब बदलले, शेरे बदलले. एका तुकड्यात दोन रंग चालत नाहीत, असा शेरा आला. प्रफुल जाऊन समजावून आला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच शेरा. त्याची दुखणी जवळ जवळ यायला लागली होती. हाडं झिजत चालली होती, काठी आली. मला राग यायचा, खरं सांगतो. त्या साहेबांचा, त्या गावांचा, त्याच्या रक्ताचा, सगळ्यांचा. मी म्हणायचो, तुझं काय जातं, मार एक रेघ मधून. तो म्हणायचा, "माझं काई नाई जात. म्हणूनच तं माराले भेव वाटते." शेवटचा आला तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि दुकानात ऊन नव्हतं. खुर्ची कुठे ठेवावी हेच त्याला कळेना. थोडा वेळ बसला, मशीनचा आवाज ऐकत. मग म्हणाला, "दमलो रे." एवढं कधी म्हणायचा नाही तो. मी त्याला गाडीवर घरी सोडलं. तिथून नागपूर ... आणि मग तो फोटो.

पाऊस चालू झाला की भामरागडपलीकडचे रस्ते तुटतात. तिकडे ना टॉवर, ना पेपर. त्यामुळे परवा सुक्रोबाई आणि सोमजीभाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले तेव्हा मला कळून चुकलं की यांना माहीत नाही. नदी उतरल्याबरोबर निघाले होते, पायांना चिखल तसाच होता. मी पाणी दिलं. सांगायचं ते सोडून विचारलं, काय काम काढलं. सोमजीभाऊ म्हणाले, "नवीन साहेब आले. म्हणते, दोन गावाचे दोन तुकडे करून आणा, महिन्याभरात सही करतो. आता थकलो भाऊ. किती वर्स फिराचं? दोन्ही गावानं ठरवलं, मारा रेघ. झाडाचं आमी पाहून घेऊ." सुक्रोबाई जमिनीकडे पाहत बसल्या.

मला काय अधिकार होता त्यांना नाही म्हणायचा? मीच तर वर्षानुवर्षं तेच सांगत आलो होतो. प्रफुलच्या टेबलावरचा त्याचा कॉम्प्युटर मी सुरू केला. त्याने मला तो वापरायला शिकवून ठेवलं होतं. नकाशा उघडला, मधल्या रानातून एक रेघ ओढली, एका बाजूला हिरवा ब्रश, दुसऱ्या बाजूला पिवळा. सपाट. दोनदा बोट दाबण्याचं काम. ज्यासाठी तो माणूस ट्रॉलीत धडपडत गेला, ते इतक्या पटकन पुसलं जातं. दोघंही वाकून पाहत होती. सोमजीभाऊंनी एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथी तुमचं मोठं झाड होय ना?" सुक्रोबाई म्हणाल्या, "होय." ते झाड पिवळ्यात होतं.

मग त्या मागे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "प्रफुलभाऊ कुठी हाय? त्याले दाखवा एकदा. त्यानं हो म्हटलं का झालं."

तेव्हा मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. सुक्रोबाईंनी डोक्यावरून पदर ओढून घेतला. काचेआड मशीन कोणाचा तरी वाढदिवस छापत होतं आणि मला ते बंद करायचं सुचलं नाही. सोमजीभाऊ उठून दारापर्यंत गेले, परत येऊन उभे राहिले. म्हणाले, "मंग आता इचाराचं कोणाले?"

"कोणालेच नाई," सुक्रोबाई म्हणाल्या. "अन् त्याले इचारल्याबिगर कसं बदलाचं?"

"साहेबाले काय सांगाचं?"

"सांगाचं, ज्यानं भरलं तो नाई राह्यला."

सोमजीभाऊंनी मान हलवली. दोघंही अगदी थकलेली दिसत होती, आणि पुन्हा किती वर्षं जातील हे दोघांनाही ठाऊक होतं. मी प्रोग्राम बंद करायला गेलो तर पडद्यावर एक छोटी चौकट आली. बाकीच्या प्रोग्राममध्ये ती इंग्रजीत येते. प्रफुलने ती आपल्या बोलीत लिहून ठेवली होती. सुक्रोबाईंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणते ते?"

मी वाचून दाखवलं, "बदल ठेवाचे काय?" खाली दोन बटणं होती, एकावर 'ठेवा' आणि एकावर 'राहू दे', म्हणजे बदल नको, आधीचंच बरं.

"सांग मंग त्याले," सुक्रोबाई म्हणाल्या.

मी 'राहू दे' दाबलं.